बांधापलीकडचा मोथा

हुडकेश्वरला आमच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर आम्ही चार-पाच जण भाजी लावतो. माझ्या शेजारचा वाफा एका निवृत्त लाइनमनचा आहे. ते मिरची लावतात आणि पोत्यावर बसून खुरप्यानं मोथा खणतात. हे गवत वरून उपटलं तर आठ दिवसांत परत येतं, कारण खाली त्याच्या काळ्या गाठी राहतात. ते एकेक गाठ बोटांनी चाचपून काढतात आणि मोथ्याला दटावतात, "कुठी लपून राहिला होता बे?" मग ती डब्यात टाकतात.

माझ्यात एवढा धीर नाही. या पावसाळ्यात मी माझा मोथा कुदळीनं उकरला आणि गाठींसकट बांधापलीकडे, त्यांच्या वाफ्यात फेकला. महिन्याभरात त्यांच्या निम्म्या मिरच्या त्याखाली दबल्या.

"काहून वाढला जी यंदा एवढा?" मी विचारलं. हो, मीच विचारलं.

"मोथ्याले पाय असते, भाऊ," ते म्हणाले आणि खणत राहिले.

दिवाळीच्या आधी त्यांनी वाफ्यावरच माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. मोथ्याच्या गाठी वाळवून, कुटून घरी केलेलं उटणं होतं.

"घ्या, तुमचाच माल हाय," ते हसले. त्या हसण्यात राग नव्हता. मी माफी मागायला हवी होती. मी पुडीचा वास घेत राहिलो.

नरकचतुर्दशीला पाठीला उटणं चोळताना बायकोनं विचारलं, "कोणी दिलं हो? मस्त वास आहे."

"बाजारातून आणलं," मी म्हणालो.