नोनीची धून छापणारी टपालवाली

अट्रॅक्टा लिलिस आयर्लंडातल्या आमच्या वेस्ट क्लेअरमध्ये सायकलवरून टपाल वाटायची. कोणत्या घरात फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, वाजतं आणि कोणत्या घरात ते माळ्यावर धूळ खातंय, हे तिला आमच्या पाद्र्यापेक्षा जास्त ठाऊक. १९७४ साली डब्लिनच्या एका कंपनीने गावातल्या एका म्हाताऱ्याची बासरी रेकॉर्ड केली आणि मागे गिटार, ड्रम असं काय काय घालून विकली. अट्रॅक्टाने ती रेकॉर्ड माझ्या स्वयंपाकघरात शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "यात तो आहे कुठे गं?"

पुढच्या महिन्यात तिने जुना टेपरेकॉर्डर आणला आणि स्वतःची कंपनी काढली. नाव आपल्या वाडीचंच दिलं, मोनीन. मी शेजारीण, म्हणून कव्हरं चिकटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिली रेकॉर्ड पॅकी लर्निहनची करायची ठरली. कॉन्सर्टिना, म्हणजे मांडीवर मावणारी भात्याची पेटी, त्याच्यासारखी वाजवणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. निदान आम्हाला तसं वाटायचं. त्याच्या चुलीपाशीच आम्ही मांडामांड केली. एका धुनेत पॅकी तीनदा अडखळला. त्याची बायको नोनी पाव मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दुसरा भाग तसा नाही जात."

"मग कसा जातो, बाईसाहेब?" पॅकीने विचारलं.

नोनीने हात झटकले, पेटी घेतली आणि वाजवली. एकदाही अडखळली नाही. पॅकी खुर्चीतून उठलाच.

"हे कधी शिकलीस तू?"

"लग्नाआधी, वडिलांकडून. तू दूध घेऊन डेअरीवर गेलास की वाजवते. छत्तीस वर्षं झाली. गोठ्यातल्या गाईंना माहीत आहे, तूच काय तो बहिरा!"

अट्रॅक्टाने टेप थांबवलीच नव्हती. ते दिसताच नोनी लाजली. "पुसून टाक गं, लोक हसतील."

"नोनी, तुम्ही म्हणालात तर आत्ता पुसते," अट्रॅक्टा म्हणाली. "पण आजवर तुमचं एकही पत्र मी हरवलं नाही. हेही नीट पोचवेन."

नोनीने पेटी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "पेटीवर पीठ उडालंय. ते पुसते आणि पुन्हा वाजवते, नीट."

"आणि नाव तिचं वर घाल," पॅकी म्हणाला.

रेकॉर्ड छापणाऱ्यांनी कळवलं, किटलीचा आवाज आलाय, काढून टाकू का? अट्रॅक्टाने उत्तर पाठवलं, "किटली घरचीच आहे. राहू द्या." पाचशे प्रती उन्हाळ्याच्या आत संपल्या. पुढच्या वर्षी नोनी एनिस शहरातल्या सभागृहात, आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत वाजवायला बसली, तेव्हा पॅकी पहिल्या रांगेत तिचा कोट मांडीवर घेऊन बसला होता.

एकोणीस वर्षांत मोनीनच्या सव्वीस रेकॉर्डी निघाल्या. त्यातल्या नऊ बायकांच्या, ज्यांचं वादन घराच्या उंबऱ्याबाहेर कधी गेलंच नव्हतं. एका मोठ्या कंपनीने मोनीन विकत मागितली. त्यांना धुनांच्या मधे टेपवर आलेल्या घरच्या गप्पा मात्र कापायच्या होत्या. अट्रॅक्टाने त्या माणसाला चहा पाजला, पाव-लोणी खायला घातलं आणि फाटकापर्यंत पोचवून आली.

पुढे तिला ऐकू येईनासं झालं. एका सकाळी तिने सगळ्या टेप सायकलला बांधल्या आणि जिल्ह्याच्या वाचनालयात नेऊन दिल्या. मी म्हटलं, "अगं, कंपनी कोणालातरी चालवायला दे की!"

"ज्याला चालवायचीय त्याने आपली काढावी," ती म्हणाली. "स्वयंपाकघरं काय कमी आहेत?"

त्यानंतर आमच्या भागात अशा तीन कंपन्या निघाल्या. त्यातली एक नोनीच्या नातीची आहे.