चौथी पेटी

"उघड ती पेटी."

शहाद्याजवळचं लग्नाचं लॉन. मंडपामागच्या खोलीत आमच्या चार पेट्या भिंतीला टेकवून ओळीनं ठेवल्या होत्या. तीन लहान, एक चेलोची, माणसाएवढी. नवरीचे काका आत आले ते सरळ माझ्या पेटीसमोर. पांढरा सफारी, कपाळाला टिळा. बाकीच्या तिन्हींकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी उघडली.

त्यांनी व्हायोलिन उचलून बाजूला ठेवलं. धरताना तारांवर अंगठा दाबला, तारा कण्हल्या. मग पेटीतली निळी मखमल बोटांनी चाचपली. छोट्या कप्प्यातून राळेचा खडा काढला. गजाला लावायची राळ, मधासारख्या रंगाची. त्यांनी तो नाकाशी नेला.

"हाई काय शे?"

"राळ आहे. वाजवायला लागते."

त्यांनी पुन्हा वास घेतला. मग खडा टाकला तसाच, मखमलीवर. म्हणाले, "शेजारनी खोली नवरीनी शे. दागिना शेतस. आधी पाहेल बरं."

काहीही हरवलं नव्हतं. हे नीट लक्षात घ्या. काही हरवलं असतं तर मी समजू शकले असते. लग्नघर आहे, माणसं घाबरतात. इथं काही हरवलं नव्हतं. हरवलं तर कोणाकडे सापडेल, एवढंच आधी ठरलं होतं.

आणि ते पेटी चाचपत होते तेव्हा मला वाटत होतं, निघालं काही तर? कोणी टाकलं असेल तर? मी माझ्याच पेटीकडे चोराच्या पेटीकडे बघावं तशी बघत होते. त्या दिवसातलं सगळ्यात वाईट मला तेच वाटतं.

"जाताना परत दखाडी जाजो," काका म्हणाले आणि गेले.

मी नवापूरकडची. आमचा आदिवासी पाडा डोंगरात, गुजरातच्या हद्दीला लागून. मिशनच्या वसतिगृहात शिकले. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी प्रार्थनेच्या गाण्यांसाठी मला व्हायोलिन शिकवलं. आता नंदुरबारच्या एका खासगी शाळेत संगीत शिकवते. आणि पाच वर्षं सरांच्या ग्रुपमध्ये वाजवत होते. सरांचा नंदुरबारला संगीताचा क्लास आहे. ते पहिलं व्हायोलिन, मी दुसरं, लोणखेड्याची एक मुलगी व्हिओलावर, म्हणजे जरा मोठ्या व्हायोलिनवर, आणि सरांचा पुतण्या चेलोवर. काळे कपडे घालून आम्ही लग्नात वाजवायचो. नवरी चालत येते तेव्हा, वरमाला घालतात तेव्हा, मग पाहुणे हातात ग्लास घेऊन गप्पा मारतात तेव्हा. लग्नाची सगळी व्यवस्था बघणारी सुरतेची प्लॅनर त्या शेवटच्या भागाला 'कॉकटेल आवर' म्हणायची. ग्लासात निळं सरबत असायचं.

चौघांचे कपडे सारखे. चेलो सोडला तर पेट्याही सारख्या. मग काकांना माझी पेटी कशी कळली?

मी प्लॅनरला विचारलं. ती फुलांच्या माळा मोजत होती, मान वर न करता म्हणाली, "आपके सर ने ही बताया. बोले, तीन की गारंटी मेरी. चौथी का आप देख लो."

तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती पुढच्या माळेकडे वळली.

पाच वर्षं सर मला बेटा म्हणत होते.

मी गेले आणि वाजवलं. हो, वाजवलं. नवरी फुलांच्या छत्रीखालून चालत आली, बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी एक सूर चुकले नाही. पण डोक्यात दुसरंच चालू होतं. सरांच्या घरी तालीम असायची. चहा यायचा. पुतण्याला कप, लोणखेड्याच्या मुलीला कप, मला कागदी पेला. तेव्हा वाटायचं, कप कमी असतील. तालमीनंतर सर नेहमी म्हणायचे, तू बस, तुझी पेटी मी भरतो. तेव्हा वाटायचं, किती माया. आता एकेक गोष्ट मी उलटून पाहू लागले. त्यातलं खरं किती होतं मला आजही माहीत नाही. कप खरंच कमी असतील. पण ते वाक्य ऐकल्यानंतर कुठलाच कप मला साधा दिसेना.

मला आई आठवली. नवापूरच्या बाजारात एक किराणा दुकान होतं. निघताना आई कोणी न सांगता पिशवी दारात उलटी करून दाखवायची. मीठ, साबण, काडेपेटी. परत भरायची. दुकानदार मानही हलवायचा नाही. मी लहान होते, मला वाटायचं दुकानातून निघायची हीच रीत आहे. सगळेच असं करत असतील.

वाजवता वाजवता मला कळलं. पेटी त्यांनी उघडली नव्हती. मी उघडली होती. कशाला, असं एकदाही विचारलं नाही. त्यांनी दोन शब्द काढले आणि माझे हात कडीवर गेले. आईचेच हात.

वरमाला झाली. आम्हाला आता जेवणाच्या बाजूला जाऊन बसायचं होतं. गजाची राळ आणायला खोलीत आलो तर काका दारातच उभे.

"दखाड."

मी म्हणाले, "आधी बाकीच्या तीन पाहा. मग माझी."

ते सरांकडे बघू लागले. सर हसले. ते हसणं मी ओळखत होते, फी उशिरा भरणाऱ्या पालकांसमोर ते असंच हसायचे. "कशाला वाढवतेस बेटा? दोन मिनिटांचं काम."

"मग चारांना आठ मिनिटं लागतील. चेलोच्या पेटीपासून सुरू करा. तिच्यात नवरीचा सगळा रुखवत मावेल."

काकांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्यानं खाली पाहिलं. काका म्हणाले, "त्यानी कसाले? तो आपला पोऱ्या शे."

आपला. इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला त्यांचा रागही नीट आला नाही. राग आला सरांचा. त्यांना तो शब्द ऐकू आला आणि ते हातावरचं घड्याळ बघत राहिले.

मी व्हायोलिन पेटीत ठेवलं. कडी लावली. पेटी खांद्याला अडकवली.

"मग चौथी तुमची नाही," मी सरांना म्हणाले. "तीन जणांत वाजवा."

काका आडवे आले नाहीत. खरं तर मला वाटलं होतं, येतील. मी मंडपातून, पाहुण्यांच्या मधून, मोठ्या फाटकातून बाहेर पडले. मागं चेलो सुरू झाला. रस्त्यावर येऊन शहाद्याकडे जाणारी रिक्षा धरली. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं.

चार दिवसांनी शाळेतल्या एका बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "काही सापडलं का गं तुझ्याकडे? लोक म्हणतात, दाखवायला सांगितलं तर पळाली."

असं झालं होतं. मी गेले, आणि माझ्या जागेवर त्यांनी गोष्ट बसवली.

घरी सांगितलं. आई आमच्या बोलीत एवढंच म्हणाली, दाखवली असतीस तर काय झिजलं असतं? मी तिच्यावर ओरडले. मग लाज वाटली. ती पिशवी उलटी करत राहिली म्हणून मी शाळेत जाऊ शकले. तिला दुसरं दुकान नव्हतं.

रविवारी सकाळी मी सरांच्या क्लासला गेले. मुलं वाजवत होती, आठ-दहा पालक बाकांवर बसलेले. सर उठले.

"आत ये, आत बोलू."

"आत नाही. इथंच सांगा. माझ्या पेटीत काय सापडलं?"

मुलांचे गज थांबले. सर हळू म्हणाले, "काही नाही."

"मोठ्यानं."

"काही सापडलं नव्हतं."

"आणि तीन जणांची गॅरंटी कोणी दिली होती?"

पुतण्या तारा पिळत बसला. कोणी माझ्या बाजूनं उठलं नाही. समोरच्या एका बाईनं शेजारी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. तिला बहुतेक कळलंही नसेल आपण काय केलं ते. मी तिच्याकडे बघत राहिले, ती नजर वळवेपर्यंत.

सर दोनदा म्हणाले, ठीक आहे, झालं ना आता. मी गेले नाही. सगळे पालक निघेपर्यंत तिथंच उभी राहिले.

त्या लग्नातून निघून आले ती माझी चूक होती. आपण उठून गेलो की त्यांचं काम सोपं होतं. आता मी निघून जाणार नाही. ज्यानं विचारलं त्याच्यासमोर उभी राहीन, कोणी सांगितलं ते नावानिशी विचारीन, आणि उत्तर चारचौघांत घेईन. मग नवरीची पाठवणी थांबली तरी थांबू दे.