महेशचा नंबर अजून चालू आहे

महेश डायलिसिसच्या बेडवर होता आणि मी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची अब्रू काढत होतो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. हे तेव्हाच लिहायला हवं होतं. हिंमत झाली नाही.

महेश अंथुर्ण्याचा. त्याचे वडील, सगळ्यांचे आबा, आधी मेंढरं राखायचे, आता शेती करतात. हा बारामतीत कॉम्प्युटरच्या नोकरीला.

नोकरी सांभाळून त्याने कालव्याच्या पाणीपाळीचं ॲप बनवलं. कुणाची पाळी कधी, किती तास, सगळं मोबाईलवर. फुकट. कोडसुद्धा उघडा, कुणीही घ्या, हवा तसा बदला.

अटींमध्ये लिहिलेलं, कसलीही हमी नाही. आणि त्याच्याच खाली स्वतःचा मोबाईल नंबर. 'अडचण आली तर फोन करा.'

मी म्हटलं, "अरे येड्या, हमी नाही म्हणतोस, मग नंबर कशाला?"

"दादा, वापरणारी आपलीच माणसं हायत. त्यांना हमी न्हाय म्हणून तोंडावर कसं सांगू?"

झालं. सगळ्यांनी त्याचा कस्टमर केअर करून टाकला. त्यात मी पहिला.

निमगाव केतकीत आमच्या चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, पाळ्या मी लावतो. गेल्या वर्षी कालव्याला आवर्तनाचं पाणी सुटलं आणि ॲपमधली यादी उलटीपालटी झाली. दोघं एकाच वेळी दारं धरायला, आपल्या रानात पाणी घ्यायला आले. बांधावर हमरीतुमरी.

मी ॲप वापरणाऱ्यांच्या भर ग्रुपवर लिहिलं, 'फुकट दिलं म्हणजे उपकार केले का? जमत नसेल तर बंद कर.'

लोकांनी धडाधड अंगठे दिले. मला बरंही वाटलं.

त्याचा रिप्लाय आला, 'बघतो दादा. संध्याकाळपर्यंत सांगतो.'

एवढंच. हल्ली तो असंच तुटक लिहायचा. आम्ही म्हणायचो, पोराला माज आलाय.

संध्याकाळी त्याने सांगितलं. ॲपची चूक नव्हतीच. तारीख मीच चुकीची भरली होती.

हे त्याने ग्रुपवर नाही, मला एकट्याला लिहिलं.

मी ग्रुपवर गप्प बसलो.

आठ दिवसांनी तो गेला. आजारपण त्याने घराबाहेर कुणालाच कळू दिलं नव्हतं. मातीला गेलो तेव्हा आबा म्हणाले, "एका हातात सुया असायच्या. दुसऱ्या हातानं तुमास्नी उत्तरं लिवायचा. ठेव की आता म्हटलं, तर म्हणायचा, आबा, लोकांचं पाणी अडलंय."

परवा आबांकडे गेलो होतो. महेशचा फोन वाजला. आबांनीच उचलला.

"महेश न्हाय ओ आता. पर अडचण काय हाय ती सांगा, लिवून घेतो."

वर्षभर ते वहीत लिहून घेतायत. कुणीतरी जाणता येईल म्हणून.

मी फोन मागून घेतला. कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण तारखा तपासता येतात.

काल पहिला फोन आला. समोरचा चिडलेलाच. "सकाळधरनं लावतोय, झोपलाय व्हय?"

मी म्हटलं, "बघतो दादा. संध्याकाळपर्यंत सांगतो."

फोन ठेवला आणि खूप रडलो.

महेश, चूक माझी होती. ज्या ग्रुपवर तुला बोललो, तिथंही हीच पोस्ट टाकतोय.

एवढीच श्रद्धांजली आहे रे माझ्याकडे. उशीर झाला. माफ कर.