फेत्सिलेचा डावा हात

आमच्या मांझिनी शहराच्या बाजारात पाच वर्षं टोमॅटो विकलेली बाई हिशेबात अडते होय? कॅसिनोच्या मुलाखतीत विचारलं, "सतरा चिप्स, पस्तीस पट?" आणि फेत्सिले "पाचशे पंच्याण्णव" म्हणून मोकळी. मग दोन्ही हात टेबलावर पसरायला लावले, नखं पाहिली, बोटं पाहिली. घेतलं तिला, जुगाराच्या टेबलावर खेळ चालवायला. सहा आठवडे शिकायचं, शेवटी परीक्षा; पास झाली तरच नोकरी.

नोकरी हवी होती ती पोरीसाठी. नवऱ्यामागे सुतकाचे काळे कपडे उतरले, त्याच आठवड्यात दीर सिखुम्बुझो सासरच्या गावाहून, सितेकीहून आला. "वहिनी, एका खोलीत, आज आहे उद्या नाही अशा धंद्यावर आमच्या घरची मुलगी वाढायची नाही. कायमची नोकरी दाखवा, नाहीतर सुट्टी संपली की तेमावेला मी घेऊन जाणार."

तेमावे सात वर्षांची.

आमची खोली शेजारीच, म्हणून फेत्सिलेचा सराव माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर चाले. चिप्स म्हणजे जुगारात पैशांऐवजी चालणाऱ्या चकत्या; त्यांच्या जागी बाटल्यांची बुचं. वीस बुचांची चळत ती न बघता उचलायची. अडत होतं ते फक्त डाव्या हातापाशी. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना काही द्यायचं तर डावा हात उजव्या कोपराला लागतो, गुडघे आपोआप वाकतात. जुगाराच्या टेबलावर नेमका तोच गुन्हा. वरच्या कॅमेऱ्याला वाटतं, चिप बाहीत गेली.

शिकवणाऱ्या नायडू मॅडम डर्बनच्या. "अगं, गिऱ्हाईक आहे तो, तुझा सासरा नव्हे!" सगळा वर्ग हसायचा. फेत्सिलेही हसायची, आणि घरी येऊन डाव्या मनगटाला दोरी बांधून ती टेबलाच्या पायाला अडकवायची.

"आई, तू शेळी झालीस!" तेमावे टाळ्या पिटायची.

"शेळी तर शेळी. तू म्हातारा हो आणि चिप्स माग."

शुक्रवारी परीक्षा. खेळाडू म्हणून कॅसिनोच्याच हॉटेलातला पिकल्या केसांचा माळी कोट घालून बसवलेला. चाळीस मिनिटं एक चूक नाही. मग म्हातारा जिंकला आणि हसून म्हणाला, "सुखी राहा, पोरी." फेत्सिलेने चिप्स पुढे सारल्या. डावा हात कोपराला लागला होता, गुडघे वाकले होते.

नायडू मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, परत घ्या. आत्ताच्या आत्ता घ्या."

"सोमवारी नऊला. आणि एकदाच हं."

पण दीर आला रविवारी. फेत्सिले त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. "एक दिवस द्या भावजी. फक्त उद्याचा."

"उद्या तिची तिकडे शाळा सुरू. नाव घातलंय मी." त्याने तेमावेची पिशवी उचलली. तोही काही राक्षस नव्हता. पोरीसाठी नवे बूट आणले होते त्याने.

"नोकरी उद्या मिळणार ना?" तेमावे म्हणाली. "मग मी परवा येते."

सोमवारी तोच म्हातारा, तोच आशीर्वाद. फेत्सिलेचा डावा हात टेबलाच्या कडेवर मेल्यासारखा पडून राहिला. नायडू मॅडम म्हणाल्या, "असंच हवं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने ती नोकरीचं पत्र घेऊन सितेकीला सासरी गेली. सासूने ते दोनदा वाचून घेतलं.

"कामाची वेळ काय गं?"

"संध्याकाळी सहा ते पहाटे दोन."

"आणि पोर कोणाजवळ झोपणार?"

फेत्सिलेने माझं नाव सांगितलं.

"शेजारीण म्हणजे घर नव्हे, सूनबाई." सासूने पत्र नीट घडी घालून परत दिलं. "नोकरी कर तू. चांगली आहे. पोर इथे राहील."

तेमावेची शाळा दोनला सुटायची. मांझिनीची बस एकला होती. कामाचा पहिला दिवस त्याच संध्याकाळी; बस चुकली तर सहाला टेबलापाशी पोचणं होणार नव्हतं, आणि पहिला दिवस चुकला तर नोकरीही नव्हती. शाळेच्या कुंपणाशी थोडा वेळ उभी राहिले, असं ती मला नंतर म्हणाली. आतून पाढे ऐकू येत होते. इतक्या आवाजांत तेमावेचा कुठला, ते तिला ओळखता आलं नाही.