लेफ्ट बॅकला लोणच्याची बरणी

आमच्या मेडिकल कॉलेजची फुटबॉल टीम कधीही फायनलला पोचली नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या आमच्या डायनिंग टेबलाभोवती जी चर्चा चालायची ती ऐकणाऱ्याला वाटलं असतं, यांनी निदान एक वर्ल्ड कप तरी कपाटात लपवून ठेवलाय. मीही त्याच कॉलेजची, आमच्या ह्यांच्या दोन वर्षं मागे. लेडीज होस्टेलची गॅलरी सरळ ग्राउंडवर उघडायची आणि संध्याकाळी बघण्यासारखं दुसरं काही नसायचं, त्यामुळे त्या टीमच्या बहुतेक मॅचेस मी पाहिल्या आहेत. इंजिनिअरिंगवाल्यांनी आम्हाला पाणी पाजलं, शेतकी कॉलेजवाल्यांनी पाजलं, एकदा तर शाळेच्या पोरांनीही पाजलं. ती मॅच मैत्रीपूर्ण होती, असं नंतर ठरलं.

पण मला कोण विचारतो? मी वहिनी. कॉलेजात विषय राहिला की सीनियर असूनही हीच मंडळी माझ्याकडून फार्मॅकॉलॉजीच्या नोट्स मागून न्यायची, आणि लग्न झाल्याबरोबर मी सगळ्यांची वहिनी झाले. आठवडाभर क्लिनिकमध्ये पेशंट तपासायचे, आणि बँक हॉलिडे, म्हणजे सगळ्यांची सरकारी सुट्टी, आली की किचनमध्ये वडे तळायचे. कॉव्हेंट्री पडलं मध्यावर. एजवेअरकर खालून वर यायचे, ग्लासगोकर वरून खाली यायचे, आणि मोटरवेवरून उतरलं की आमचंच घर. ही काही त्यांची खरी आडनावं नव्हेत. जो जिथे नोकरीला चिकटला तिथला तो कर झाला, इतकंच.

टीम मांडली जायची ती माझ्या भांड्यांनी. जेवणं झाली की ग्लासगोकर ताटं बाजूला सारत आणि म्हणत, "हं, आता ऑल टाइम इलेव्हन." मीठदाणी म्हणजे गोलकीपर, म्हणजे एजवेअरकर. ते पुढे किडनीचे मोठे कन्सल्टंट झाले, पण कॉलेजात त्यांच्या दोन पायांमधून म्हैस निघून गेली असती. चटणीचं भांडं सेंटर फॉरवर्ड, म्हणजे अर्थातच स्वतः ग्लासगोकर. ते हाडांचे सर्जन, तेव्हाचे कॅप्टन आणि त्यांच्या मते अजूनही कॅप्टन. बाकीचे खेळाडू अमेरिकेत, नाशकात, कुठे कुठे पांगलेले, त्यांच्या नावाने कप आणि चमचे. टेबलावर कधीच जागा न मिळालेले दोघं होते. त्यांना ग्लासगोकर उचलून भिंतीलगतच्या साइडबोर्डवर ठेवायचे. एक तुपाची वाटी आणि एक लोणच्याची बरणी.

तुपाची वाटी म्हणजे भूलवाले. आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहायचे, हॉस्पिटलात भूल द्यायचे. आपण कॉलेजचे सर्वोत्तम लेफ्ट विंगर होतो असा त्यांचा दावा होता. त्यावर ग्लासगोकरांचं ठरलेलं वाक्य, "तू? तू बॉलच्या मागे पळत नव्हतास, वरातीत चालत होतास." आणि भूलवाल्यांचं ठरलेलं उत्तर, "अरे, पण तू मला पास कधी दिलास?" मग दोघंही लाल व्हायचे. दर बँक हॉलिडेला तेच वाक्य, तेच उत्तर, आणि दोघांचाही ताव असा की आत्ताच सुचलंय.

लोणच्याची बरणी म्हणजे आमचे हे. यांचं सगळं करिअर राखीव खेळाडू म्हणून बाकावर गेलं. खेळणाऱ्यांचे चष्मे आणि घड्याळं रुमालात बांधून सांभाळायची, ही यांची कामगिरी. एकदाच, इंजिनिअरिंगविरुद्ध, कुणाच्या तरी पोटरीत गोळा आला म्हणून यांना लेफ्ट बॅकला उतरवलं, आणि त्या दिवशी गोल लाइनवर यांच्या अंगाला लागून एक बॉल बाहेर गेला. हे म्हणायचे, मी झेप घेऊन अडवला. ग्लासगोकर म्हणायचे, "झेप कसली? माझा चष्मा तुझ्या खिशातून पडला, तो शोधायला वाकला होतास. बॉल तुझ्या पाठीवर येऊन आपटला." एवढ्या एका बॉलवर माझ्या नवऱ्याने टीममधल्या जागेचा हक्क सांगितला, आणि ती जागा मिळावी ही त्या बिचाऱ्याची खरोखरची इच्छा होती. हसण्यावारी नेण्यासारखी नव्हे. यांना इथे पहिल्या अर्जात कन्सल्टंटची पोस्ट मिळाली नाही तेव्हाही हे एवढे खट्टू झाले नव्हते, जेवढे बरणी उचलली गेली की व्हायचे. पाहुणे गेल्यावर भांडी पुसताना मला म्हणायचे, "त्याला काय जातं गं एकदा घ्यायला?"

उन्हाळ्यात मागच्या अंगणातल्या पॅटिओचं दार उघडं असायचं, त्यामुळे आवाज पलीकडे जायचा. एकदा शेजारच्या म्हाताऱ्या इंग्लिश बाईंनी कुंपणावरून हळूच विचारलं की घरात सगळं ठीक आहे ना. त्यांना वाटलं इस्टेटीवरून भांडण चाललंय. फुटबॉल आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांचे यजमानही शनिवारी पबमध्ये असंच करायचे म्हणे, आणि त्यांच्या टीमनेही काही जिंकलं नव्हतं. आमच्या लेकीने तर एकदा भर टेबलावर विचारलं, "बाबा, पण तुमचा टीम कधी जिंकला?" एजवेअरकरांनी मीठदाणी जरा पुढे सरकवली.

मग भूलवाले गेले. ऐन पन्नाशीत, पोटाचा कॅन्सर, आणि फार लवकर आटोपलं. क्रिमेटोरियममध्ये प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळतो, मागचं कुटुंब बाहेर गाडीत थांबलेलं असतं. त्या मोजक्या मिनिटांत ग्लासगोकर काळा सूट घालून उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या कॉलेजच्या इतिहासात असा लेफ्ट विंगर झाला नाही. वाऱ्यासारखा पळायचा म्हणे. मी तिथे बसले होते, मलाही रडू येत होतं, आणि त्याच वेळी अंगाची लाही होत होती. वाऱ्यासारखा? अहो, गेल्याच ऑगस्टमध्ये तो वरातीत चालत होता ना?

त्यांच्या घरी आल्यावर भूलवाल्यांच्या बायकोने सगळ्यांना चहा दिला. ती माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, बोलायला शांत. ग्लासगोकरांच्या हातात कप देताना ती म्हणाली, "भावोजी, हे एकदा तरी त्यांच्या तोंडावर बोलला असतात." रागाने नाही, साखर हवी का विचारावं तशी म्हणाली. ग्लासगोकरांनी चहा तसाच ठेवला. पुढच्या बँक हॉलिडेला आमच्या टेबलावर तुपाची वाटी लेफ्ट विंगला आली, आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं न बोलता ठरलं. साइडबोर्डवर बरणी एकटी राहिली. त्या टीममध्ये शिरायचा रस्ता कुठला, हे आम्हाला सगळ्यांना त्या दिवशी कळलं. आमच्या ह्यांनाही कळलं.

पुढे दोनेक वर्षांनी यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर माणूस, त्यामुळे अर्थातच दिवसभर ॲसिडिटीची गोळी चघळत ओपीडी केली आणि संध्याकाळी माझ्या क्लिनिकमध्ये येऊन माझ्यासमोर घामाने भिजून खुर्चीत बसले. मी ईसीजी काढला आणि यांना गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. हार्ट अटॅक होता, फार मोठा नव्हता. अँजिओग्राम काही चांगला नव्हता, पण हातचं गेलं असंही नव्हतं. बायपास करावी लागणार होती. हे सगळं मी यांना सांगितलं, आणि यांनी शहाण्यासारखं ऐकूनही घेतलं. दोन दिवस हे बरे होते. नर्सच्या टोस्टला नावं ठेवण्याइतके बरे.

तिसऱ्या दिवशी ग्लासगोकर आले. न कळवता, पहाटे निघून एकटे गाडी चालवत आले होते. यांच्या पलंगाच्या टेबलावर कुणी आणलेली द्राक्षं, पाण्याचा जग, टिश्यूचा डबा, ज्यूसची बाटली असं काय काय पडलं होतं. ग्लासगोकरांनी विचारपूस केली, जरा वेळ खिडकीतून कार पार्क बघितला, आणि मग त्या वस्तू मांडायला लागले. जग गोलकीपर, टिश्यू सेंटर फॉरवर्ड. ज्यूसची बाटली उचलून त्यांनी डाव्या बाजूला मागे ठेवली.

"हा तू," ते म्हणाले. "लेफ्ट बॅक. आणि एक सांगतो, तो बॉल तू झेप घेऊनच अडवलास. मी कॅप्टन होतो, मी पाहिलंय."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ती जागा मिळाली, आणि माणूस उशीला पाठ लावून त्या बाटलीकडे असा बघतोय, जसा पेशंट माझ्या हातातल्या रिपोर्टच्या लिफाफ्याकडे बघतो. मॉनिटरवरचा आकडा चढायला लागला. मी ग्लासगोकरांना चहा घ्यायला बाहेर पाठवलं.

"मला टीममध्ये घेतलं," हे म्हणाले.

"हो, ऐकलं मी."

"त्याने माझे रिपोर्ट्स बघितलेत का? तू काही लपवतेयस का?"

आधी मला हसू आलं. मग यांचे डोळे बघितले. मी सगळे रिपोर्ट सांगितले होते, आकडे सांगितले होते, सर्जनचं मत सांगितलं होतं, आणि या माणसाने त्यातल्या कशावरही विश्वास न ठेवता एका ज्यूसच्या बाटलीवर ठेवला होता. यांनी माझा हात धरला. "तू गॅलरीत होतीस ना त्या दिवशी? खरं सांग. मी काय करत होतो?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, टेबलावर इतकी भांडणं झाली, पण काय घडलं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. आणि मला हेही दिसत होतं की मी प्रेमाने काही बोलले तर हा माणूस इथेच हाय खाईल.

"चष्मा शोधत होतात," मी म्हटलं. "बॉलकडे तुमची पाठ होती. बॉल लागल्यावर तुम्ही मागे वळून सॉरी म्हणालात."

"सॉरी म्हणालो?"

"दोनदा. आम्ही सगळ्या मुली हसलो होतो."

यांचा हात सैल झाला आणि हे म्हणाले, "तरी तू बायको आहेस. तू धीर द्यायला काहीही बोलशील."

मी उठले. ग्लासगोकर कॉरिडॉरमध्ये चहाच्या मशीनपाशी उभे होते. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही ह्यांचा जीव घ्यायला आलात का?" ते गोंधळले. म्हणाले, "वहिनी, त्या वेळी राहून गेलं हो. म्हणून या वेळी म्हटलं, वेळेवर सांगावं." त्यांचा आवाज खरंच ओला होता. एरवी मला दया आली असती. मी म्हटलं, "आत जा आणि त्यांना टीममधून काढा. आत्ता."

ग्लासगोकर आत गेले. पलंगाशी उभे राहिले, घसा खाकरला आणि बाटली उचलून खालच्या लॉकरवर आपटली. "विचार केला मी. जमणार नाही. माझ्या चष्म्याची काच फुटली होती त्या दिवशी, ते मी विसरलो नाहीये."

"काच आधीच तडकली होती," हे म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. रुमालात बांधताना पाहिली होती." आणि हे कोपरावर उठून बसले. पुढे इतकं वाजलं की सिस्टर आली आणि तिने ग्लासगोकरांना व्हिजिटिंग अवर्सची पाटी दाखवून बाहेर काढलं. यांनी टोस्ट मागवला.

बायपास नीट झाली. पुढच्या ऑगस्टच्या बँक हॉलिडेला सगळे आमच्याकडे जमले, भूलवाल्यांची बायकोही आली. वडे झाले, श्रीखंड झालं, ताटं बाजूला सारली गेली. मीठदाणी, चटणी, कप, चमचे, सगळे आपापल्या जागी लागले. एजवेअरकर स्वभावाने मऊ, त्यांनी बरणी लेफ्ट बॅकला ठेवून बघितली. ग्लासगोकरांनी ती उचलली आणि साइडबोर्डवर नेऊन ठेवली. आमचे हे तावातावाने उठले, भांडायला लागले, लाल झाले. मी त्यांच्याकडे बघत होते. किती बरं वाटलं मला, काय सांगू.

भूलवाल्यांची बायको टेबलाच्या टोकाला बसून हे सगळं बघत होती. जरा आवाज कमी झाल्यावर ती म्हणाली, "भावोजी, आमच्या यांनाही काढा ना एकदा बाहेर."

ग्लासगोकरांनी तुपाच्या वाटीकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. वाटी उचलली, साइडबोर्डवर बरणीच्या शेजारी नेऊन ठेवली, आणि पाठमोरेच उभे राहून म्हणाले, "तो पळत नव्हता. वरातीत चालत होता."

"अहो, पण तुम्ही त्यांना पास कधी दिलात?" ती म्हणाली.