पिसाची बोय

आमच्या कोळीवाड्यात माझ्या दादल्याला लोक 'कोंबडीचोर' म्हणत. माझ्यासमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती, माझं तोंड सगळ्यांना ठाऊक होतं. पण म्हणत. शेजारणीच्या पांढऱ्या कोंबड्याची शेपटी विरळ झाली, की ती कमरेला पदर खोचून आमच्या ओट्याशी उभी राही. मग मी पाटीतले दोन बांगडे तिच्या हातावर ठेवून तिला वाटेला लावी. त्या पिसांचं त्याने काय केलं, ते मला सांगायचं आहे. पुरुषांचं कौतुक करायची मला सवय नाही. ह्या एकाचं करते, आणि मनापासून करते.

तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणे आणि पाठीमागे 'तो'. आमच्याकडे सगळ्याच बायकांचं तसं. नाव मात्र मी त्याचं कधी घेतलं नाही, त्याने माझं घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पुढचा सगळा संसार 'काय गो' आणि 'अवो' यावर झाला.

पहिली मोठी लढाई संपून सात-आठ वर्षं झाली असतील. पावसाच्या तोंडाशी होड्या वर ओढायचे दिवस होते. थोरले भावजी तांडेल, होडीचे कारभारी, ते पुढे ओरडत होते, बाकीचे दोराला. होडीखालचा ओंडका निसटला आणि ह्याचा डावा पाय खाली सापडला. हाडवैद्याने तीन महिने पट्ट्या बांधल्या. पाय राहिला, पण गुडघ्यात वाकेना आणि भार घेईना. हलत्या होडीत उभं राहून जाळं ओढायचं तर दोन्ही पाय धड लागतात. नारळी पुनव झाली, होड्या गेल्या, आणि हा ओट्यावर बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी विणू लागला.

भावजी भला माणूस. मासळीतला वाटा न चुकता घरी पाठवी. हा त्या वाट्याकडे बघतसुद्धा नसे. त्याला परत पाण्यावर जायचं होतं, दुसरं काही नको होतं. बोलून दाखवत नसे, पण पहाटे होड्या निघाल्या की त्याचे हात थांबत. शेवटचं शीड दिसेनासं होईपर्यंत हातातली गाठ अर्धीच राही. वर्षभर ते बघून माझा जीव तुटला. एकदा मी चिडून म्हटलं, "अवो, रडा तरी एकदा!" तर म्हणाला, "समुद्र काय कमी खारट हाय?"

मी मासळीची पाटी घेऊन किहीमला जाई. तिथे नारळाच्या वाडीत एका म्हाताऱ्या साहेबाने बंगला भाड्याने घेतला होता. साहेबाला एकच वेड. खाडीच्या काठी लांब लवलवती काठी घेऊन उभं राहायचं आणि पिसं बांधलेला गळ पाण्यावर फेकायचा. जिवंत कोळंबी नाही, माशाचा तुकडा नाही, नुसती पिसं! आणि त्या पिसांवर त्याला जिताडा धरायचा होता. खाडीचा राजा तो, जावयाच्या ताटात वाढायचा मासा. वर्ष झालं तरी साहेबाने स्वतःच्या टोपीशिवाय काही धरलं नव्हतं. एक दिवस त्याने वैतागून भिरकावलेला एक गळ खानसाम्याने मला दिला. म्हणाला, घेऊन जा, पोरं खेळतील.

मी तो गळ दादल्यापुढे टाकला. निळं-पिवळं पीस, लाल रेशीम, सोनेरी तार. त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि फस्सकन हसला. वर्षाने हसला हो तो माणूस!

"ही कुठल्या मुलखातली मासली गो? आपल्या खाडीत असली न्हाय. जिताडा काय आंधला हाय?"

"मग तुमीच बांधा की डोळसाला दिसेल अशी," मी म्हटलं. बोलायचं म्हणून बोलले. पण त्याने ते धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून शेजारणीचा कोंबडा उघडा पडायला लागला. खाटकाकडून बकऱ्याच्या दाढीचे केस आले. माझ्या जुन्या चोळीच्या काठातली रुपेरी जर गेली, ते मला सणाच्या दिवशी कळलं आणि मी घर डोक्यावर घेतलं. गळ तो चांगल्या पायाच्या अंगठ्यात आणि बोटात धरी, जाळं विणताना सूत धरतात तसा. आणि गाठ मारी जाळ्याचीच. साहेबाच्या गळाचा दोरा चार दिवसांत उसवे, ह्याच्या गाठीला मासा फाडू शकला नाही की खारं पाणी कुजवू शकलं नाही. त्याने बोय बांधली. बारीक बोय, बोटभर लांब, खाडीत थव्याने फिरते ती. पोटाला पांढरं पीस, पाठीला दाढीचे केस, मधून जरीची एक रेघ.

आता माझी चूक सांगते. मी शहाणी मध्ये पडले. "ही शिळी दिसते," मी म्हटलं. "कल्ले लाल पाहिजेत. मासळी मी विकते का तुमी?" पंधरा वर्षं मी गिऱ्हाइकाला कल्ला उचलून लाली दाखवत आले होते. लाल कल्ला म्हणजे ताजी मासळी, ह्यापलीकडे माझं शास्त्र नव्हतं. पाठही मी काळपट करायला लावली, पाटीत दिसते तशी. वर्षभर घरात बसून आपण मासळी विसरलो की काय, असं त्यालाच वाटत होतं, म्हणून त्याने माझं ऐकलं. दोन्ही गालांशी लाल रेशमाचे झुपके आले. माझ्या दृष्टीने बोय अशी झाली की पाटीत टाकली असती तर गिऱ्हाइकाने भाव केला असता.

असे सहा गळ मी साहेबाकडे नेले. साहेब खूश. आठ दिवस त्याने ते खाडीत नाचवले. नवव्या दिवशी डबी परत आली आणि खानसाम्याने निरोप सांगितला, काम सुरेख आहे, पण मासा तोंड लावत नाही.

दादल्याने डबी घेतली. त्या रात्री जेवलाही नाही. मला वाटलं, झालं, आता हा परत ओट्याला चिकटला. सकाळी मात्र म्हणाला, "मला उघाडीवर ने."

उघाडी म्हणजे खारभूमीच्या बांधातलं दार. ओहोटीला ते उघडतं आणि बांधामागच्या दलदलीतलं, खाजणातलं पाणी बारीक मासळीसकट खाडीत पडतं. जिताडा खाली तोंड वासून उभा असतो. मिठागरावरच्या एकाची बैलगाडी मागितली आणि ह्याला बांधावर नेऊन सोडलं. हा दगडावर पालथा पडला, नाक पाण्यापासून हातभर. उन्हं चढली, उतरली. मी दोनदा भाकर आणली, दोनदा कावळ्याने नेली.

संध्याकाळी तो उठून बसला. "अगो, तुजी मासली मेलेली हाय," तो म्हणाला. "बाजारातली. जित्या बोयला रंगच न्हाय. पान्याचा रंग तोच तिचा. आन कल्ले ती कुनाला दाखवील? झाकलेले असतात."

मी खजील झाले. पंधरा वर्षं मासळी हाताळून मी एकही मासा जिवंत असा नीट पाहिला नव्हता. माझ्या शहाणपणापायी त्याचे आठ दिवस गेले, शिवाय उमेद जायची ती वेगळीच. मी तिथेच बांधावर कान धरले. तो म्हणाला, "सोड ते, लोक बघतात."

मग त्याने बांधली ती बोय बघून मी म्हटलं, ह्यात आहे काय? आठ-दहा केस, एक पातळ पीस, जरीचा एक धागा. हातात घेतली तर काहीच नाही, आणि घमेल्यातल्या पाण्यात सोडली तर जीव आल्यासारखी! मी चार वेळा बोट घालून बघितली. देवाने ह्या माणसाचा पाय घेतला आणि बोटांत काय दिलं बघा, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

साहेब उघाडीवर आला. हा बांधावरून बघत होता. पाण्याचा रंग पालटला तसा ओरडला, "आता!" साहेबाने गळ टाकला आणि काठी कमानीसारखी वाकली. अर्ध्या तासाने जिताडा वर आला, चांगला बारा शेरांचा. साहेब चिखलात बसकण मारून लहान पोरासारखा हसत होता. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला, त्याच गळाने, आणि हात हलवत परत आला. तिसऱ्या दिवशी त्याने आमच्या ओट्यासमोर माणूस पाठवला. साहेबाने एक लहान होडी घेतली आहे, खाडीत बसून वल्हवायची. तिच्यात हा बसेल का?

बसेल का! मी काठावर उभी होते. दोघांनी धरून त्याला होडीत बसवलं, त्याने दुखरा पाय लांब केला आणि वल्हं पाण्यात घातलं. एकदा त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मी पदर तोंडात कोंबून हुंदके देत होते, लाज सोडून.

नावांचं सांगायचं राहिलं. साहेबाच्या डबीतल्या गळांना नावं होती, एक कुणा पाद्र्याच्या नावाचा, एक कुणा फौजेतल्याच्या. दादला म्हणे, "मासा काय पाद्री खातो?" ह्याची नावं पाण्यावरून पडली. दोन केस जास्त घातले की 'उधाणाची'. जर काढून टाकली की 'गढुळाची'. पीस आखूड केलं की 'भ्यालेली', शेपटीला पीस तिरकं लावलं की 'थवा चुकलेली'. मला सगळ्या सारख्याच दिसत. साहेबालाही आधी वाटलं, हा उगाच बारशी घालतो. मग त्याच्या ध्यानात आलं, की नाव कळलं की कुठल्या पाण्यात, कुठल्या वेळी टाकायची तेही कळतं. अशा वीस-बावीस झाल्या. एक अक्षर न शिकलेल्या माणसाने सगळी खाडी एवढ्याशा डबीत घातली होती. मिठाच्या चळवळीच्या साली गावात कुणी म्हणालं, साहेबाची चाकरी सोड. हा म्हणाला, "चाकरी खाडीची हाय. साहेब आपला होडीत बसतो."

एका आश्विनात कडक उन्हात उघाडी उघडली. खाजणात दिवसेंदिवस साचलेलं कुजकं पाणी सुटलं. त्या दिवशी साहेबाचा एकही गळ चालेना, उधाणाची नाही, गढुळाची नाही. जिताडे तर समोर उड्या मारत होते. दुपारी हा घरी आला, थेट फडताळापाशी गेला आणि माझे ते लाल गालांचे सहा गळ काढले. ते त्याने जपून ठेवले होते हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

"कुजक्या पान्यात बोयला दम लागतो," तो म्हणाला. "कल्ले फाकवते, लाल दिसते. मरायला लागलेली मासली हाय ती. तुजीच."

तिन्हीसांजेला तो परतला तो दोन जिताडे घेऊन. एक साहेबाने माझ्यासाठी पाठवला होता.

आणखी काही वर्षांनी साहेब विलायतेला जायला निघाला. जाताना त्याने सुताराकडून सागाची पेटी करून घेतली, आत खणच खण, प्रत्येक खणात एक गळ. नावं लिहायला शाळेचे मास्तर आमच्या ओट्यावर बसले. साहेब खुर्चीत, भावजी खांबाला टेकून, अंगणात सगळा कोळीवाडा, ती कोंबडेवाली शेजारीणसुद्धा. दादला एकेक गळ उचलून नाव सांगे, मास्तर चिठ्ठी लिहून खणात डकवत. शेवटी लाल गालांचा गळ राहिला. त्याला इतकी वर्षं नाव नव्हतं. होडीत तो नुसतं 'ती लावा' म्हणे.

"हिचं नाव?" मास्तरांनी विचारलं.

त्याने गळ तळहातावर घेतला. मी दारात उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांसमोर, नीट तोंडाकडे. आमच्यात असं कुणी बघत नाही.

"पाटीवाली," तो म्हणाला. "लिवा. बांधली मी, पन हाय हिची. पिसाचा गल हिनंच घरी आनला, न्हायतर मी त्या ओट्यावरच मेलो असतो. तेबी लिवा."

भावजींनी मान खाली घातली. मास्तर म्हणाले, "अरे, चिठ्ठीवर एवढी जागा नाही."

"मग पाटीवाली एवढंच लिवा," तो म्हणाला. "बाकीचं हिला कललं."

"माझं कालवण करपतंय," मी म्हटलं आणि आत पळाले. चुलीवर कालवण नव्हतंच.