प्रेतापुढचं भाषण

बंगळुरातच बेळ्ळंदूरला लेकीकडे राहायला आल्यावर मी सोसायटीच्या मराठी वाचनगटात नाव घातलं. तिथे एक जुनं शोकनाटक मराठी अनुवादातून अभ्यासायला घेतलं होतं. सत्ता डोक्यात गेलेल्या सेनापतीला त्याचेच मित्र भर सभेत भोसकतात, आणि मग एक जण प्रेतापुढे उभा राहून खुन्यांची स्तुती करत करत गर्दीला त्यांच्यावर उलटवतो. एकेक प्रवेश वाचायचा, त्यावर वाद घालायचा आणि शेवटी क्लबहाऊसमध्ये सगळ्यांसमोर वाचन करायचं. मला ते भाषण हवं होतं. दुसरं काही नको होतं.

हेच नाटक मी राजाजीनगरात राहत असताना कॉलेजात इंग्रजीतून शिकले होते. शिकले म्हणजे काय, गाईड पाठ केलं. दोन वेण्या, त्यांत कनकांबराची, म्हणजे अबोलीची, माळ आणि डोक्यात दुसऱ्याची मतं. राज्यकर्त्याशी निष्ठा हाच नाटकाचा बोध, असं गाईडात होतं, म्हणून या वेण्यांवाल्या बाईसाहेबांनीही तेच ठासून लिहिलं. सरांनी एकदा विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? तर ती बावळट म्हणाली, "सर, हे परीक्षेला येतं का?" आणि वर्गात पहिली आली. खरी शोकांतिका ती.

आता वाचताना दिसलं, की ते भाषण निष्ठेचं नाहीच. तो चलाख गडी खुन्यांना एकदाही वाईट म्हणत नाही. या खेपेला मी पाठांतर केलं नाही; कुकर लावता लावता त्याच्याशी भांडले.

गटाच्या प्रमुख पुण्याहून आलेल्या, आयटीतल्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. मी त्यांना आमच्या इथल्या रीतीने, मानाने अक्का म्हणे आणि त्या दर वेळी दचकत. भूमिका वाटायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातातले कागद पाहिले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलणं मराठी आणि लिहिणं कन्नड अक्षरांत. देवनागरी मला येते, पण डोळे पळतात ते कन्नड लिपीवरच, म्हणून भाषण मी तसं उतरवून घेतलं होतं. अक्कांना वाटलं, म्हातारी कन्नड अनुवाद घेऊन आलीय.

"आजी, आपण मराठी वाचतोय," त्या समजुतीने म्हणाल्या.

मराठीच आहे, असं सांगून मी थोडं वाचून दाखवलं. मग माझा हेल आडवा आला. 'जरा'च्या जागी मी कानडीतलं 'स्वल्प' म्हणाले, तेही त्यांनी टिपलं. भाषण दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही गर्दीत उभ्या राहा, असं त्यांनी सुचवलं. गर्दीला फक्त ओरडायचं होतं.

वेण्यांवाली असती तर 'सरी, बरं' म्हणून मुकाट गर्दीत जाऊन उभी राहिली असती. मी उठले आणि सगळ्यांकडे तोंड केलं.

"अक्का फार विद्वान आहेत," मी म्हणाले. "त्या म्हणतात माझी मराठी बरोबर नाही. आमची माणसं तीन-चारशे वर्षं या गावात मराठी बोलतायत, पण अक्का विद्वान आहेत. माझ्या सासूबाईंनी जाताना शेवटचं पाणी मराठीत मागितलं, कानडी हेलात मागितलं. चुकलंच त्यांचं. कारण अक्का म्हणतात, आणि अक्का फार विद्वान आहेत."

मागून खसखस पिकली. नागपूरहून आलेला एक तरुण म्हणाला, मग माझ्याही वऱ्हाडीचं काही खरं नाही, मीपण गर्दीतच जातो. त्याच्या शेजारची बाई त्याच्यामागे उठली.

अक्का लाल झाल्या. "आजी, तुम्ही हे नाटक माझ्यावरच चालवताय."

"तुम्हीच शिकवलंत."

भाषण माझं झालं. फक्त उच्चार तेवढे सुधारून घेऊ, त्या म्हणाल्या. एकही नाही, मी म्हटलं.

वाचनाच्या दिवशी जो प्रेत होणार होता तो रिंग रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. शेवटी अक्काच योगाच्या चटईवर आडव्या झाल्या, अंगावर चादर घेऊन. मी माझ्या हेलात, माझ्या 'स्वल्प'सकट खुन्यांची स्तुती सुरू केली, तशी चादर हलायला लागली. खाली त्या हसत होत्या की संतापल्या होत्या, कळलं नाही. मी आवाज चढवला.